चाकावरची चिंधी

गिरणीच्या साचेखात्यात मी बदली होतो. बदली म्हणजे दुसऱ्याच्या तापावर, दुसऱ्याच्या गावच्या जत्रेवर आणि दुसऱ्याच्या मेहुण्याच्या लग्नावर ज्याचं पोट चालतं असा माणूस. रोज सकाळी फाटकाशी उभं राहायचं, आत कोण आला नाही ते मुकादम सांगायचा, आणि त्याच्या साच्यावर आपण जायचं. साचा म्हणजे माग. त्या माणसाने आपल्या सोयीने लावलेला स्टूल, त्याचा पाण्याचा तांब्या, खिळ्याला टांगलेली त्याची टोपी, सगळं तसंच असे. दिवसभर आपण दुसऱ्याच्या आयुष्यात भाड्याने राहिल्यासारखे वावरायचो. संध्याकाळी तो उद्या येणार आहे असं कळलं की ‘बरं झालं’ म्हणायचं, आणि मनात दुसरंच काही.

मग संप झाला. लॉरीवर उभं राहून केलेली भाषणं मी खूप ऐकली. आमच्या चाळीच्या वाचनालयातली बहुतेक पुस्तकं मी वाचलेली होती, त्यामुळे इतिहास घडवणं किती वेळखाऊ काम असतं याची मला कल्पना होती. भाषण करणाऱ्यांना ती नसावी. कायम कामगार संपावर होते. बदलीवाले नक्की कशावर होते, हे मला कोणी नीट सांगू शकलं नाही. संप मागे घेतल्याचंही आजवर मला कोणी कळवलेलं नाही. तेव्हा नियमाने पाहिलं तर मी अजून संपावरच आहे.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत एक गृहस्थ दक्षिण मुंबईतल्या एका क्लबात स्वयंपाकी होते. तिथल्या एका शेठच्या बोटीवर दोर धरायला माणूस हवा आहे असं त्यांनी सांगितलं. शेठने मला गाव विचारलं. मालवणच्या बाजूचा आहे म्हटल्यावर तो खूश झाला. कोकणातला माणूस म्हणजे जन्मतःच बोटीतला, अशी त्याची समजूत होती. मी लहानपणी एकदा तरीच्या होडीतून खाडी ओलांडली होती आणि सबंध वेळ डोळे मिटून बसलो होतो. पण त्याची समजूत मोडायची गरज मला वाटली नाही. घरी सांगितलं तेव्हा बायकोने एवढंच विचारलं, “शेट तुमका पर्मनंट करतलो काय?”

बोट चालवायला एक म्हातारा कोळी होता. नाखवा खरं तर बोटीच्या मालकाला म्हणतात. याच्या नावावर कधी बोट नव्हती, तरी धक्क्यावर सगळे त्याला नाखवाच म्हणायचे. राहायला शीवच्या कोळीवाड्यात. तिथे देऊळ होतं, दवाखाना होता, बसथांबा होता, समुद्र तेवढा दिसत नव्हता. नाखवा समुद्रावर यायला बस पकडायचा. शेठच्या वडिलांच्या काळापासून तो त्यांच्या बोटी चालवत होता आणि शेठला त्याने चड्डीत पाहिलेला होता. अशा माणसाला नोकरीत ठेवणं मोठ्या माणसांना जड जातं, हे मला पुढे समजलं. मला तो ‘गिरणी’ म्हणायचा. “काय रं गिरणी, आज भोंगा ऐकून आलास की नाय?” भोंगे बंद झाले होते हे त्यालाही ठाऊक होतं.

जुनी बोट जड, लाकडी, एका पंख्याची. तिला रिव्हर्समध्ये घातलं की तिची पिछाडी आपोआप डावीकडे सरकायची. पंखा फिरतो तसा तो शेपटाला एका बाजूला ढकलतो. हा तिचा स्वभाव. नाखवाला तो इतका पाठ होता की तो तिच्या खोडीचाच उपयोग करून घ्यायचा. धक्क्याकडे तिरकी नाळ करून यायचा, म्हणजे बोटीचं तोंड, मग इंजिन मोकळं सोडून नुसत्या सुकाणावर सरकत राहायचा, आणि शेवटी रिव्हर्सचा एक दणका. पिछाडी डावीकडे येऊन धक्क्याला अशी टेकायची की मी दोर टाकायच्या आत बोट उभी. आणि सरळ मागे जायचं असलं की डावीकडच्या ओढीवर उतारा म्हणून त्याचा हात आधीच चाक उजवीकडे घ्यायचा. तो हे करतो हे त्याला माहीत नव्हतं. विचारलं तर म्हणाला असता की मी काही करत नाही.

संपानंतर काही वर्षांनी शेठने नवी बोट आणली. परदेशी, पांढरी, आतून सोफ्याच्या दुकानासारखी. तिच्या मागच्या बाजूला इंजिनातून एक पाय पाण्यात उतरलेला होता आणि त्या एका पायावर एकामागे एक असे दोन पंखे, एकमेकांच्या उलट फिरणारे. बोटीबरोबर कंपनीचा एक माणूस आला. पांढरी पॅंट, पांढरे बूट, आणि धक्क्यावरच्या शेवाळाकडे पाहायची एक खास नजर. त्याने आम्हाला धक्क्यावर उभं करून व्याख्यान दिलं. एक पंखा डावीकडे ढकलेल तर दुसरा उजवीकडे, म्हणून ही बोट मागे जाताना सरळ जाते. हिला सुकाण नाही; चाक फिरवलं की तो पायच वळतो, आणि पंखे ज्या दिशेला पाणी फेकतील त्यावर बोट वळते. म्हणून गिअर मोकळा असताना चाक कितीही फिरवा, उपयोग नाही. आधी चाक, मग गिअर, मग थोडा जोर. थोडाच. टाकायचा आणि काढायचा.

त्याचं सगळं बरोबर होतं. त्याच्याबद्दल तक्रार करायला तेवढी एक जागा हवी होती, ती त्याने ठेवली नाही.

हळू चालवताना ही बोट पुढेसुद्धा सरळ जात नसे. पगाराच्या दिवशी लालबागच्या गुत्त्यातून घरी निघालेल्या माणसासारखी या कडेने त्या कडेला झुलत जायची. नवीन माणूस प्रत्येक झोक्याला चाक उलटं मारतो आणि झोके वाढवतो. जोर कमी करायचा, वाट पाहायची. ती आपणहून पुन्हा रेषेवर येते. मला हे लवकर जमलं. यात हुशारी काही नव्हती. माझ्या हाताला आधीची कुठली सवयच नव्हती. शिवाय वाट पाहण्याचा फाटकावरचा सराव होता.

नाखवाला जमेना. पहिल्याच दिवशी तो जुन्या पद्धतीने तिरका आला, इंजिन मोकळं सोडलं आणि सुकाण नसलेल्या बोटीला चाकाने वळवत राहिला. बोट आपली जिथे चालली होती तिथे शांतपणे चालली. मग ती सरळ मागे घ्यायला त्याने रिव्हर्स टाकला, हात सवयीने उजवीकडे गेला, डावीकडची ओढ काही आली नाही, आणि पिछाडी उजवीकडे फेकली जाऊन तिकडच्या खांबावर आदळली. मागच्या पायरीचा कोपरा चेपला.  कंपनीच्या माणसाने वाकून कोपऱ्यावरून हात फिरवला आणि शेठला फोन करायला क्लबात गेला.

शेठने बोटीच्या मुहूर्ताचा दिवस धरला होता. पाहुणे येणार, गुरुजी येणार, आणि बोट क्लबाच्या धक्क्याला पाठमोरी लागणार, म्हणजे बायकांना साड्या न उचलता मागच्या पायरीवरून आत जाता येईल. त्या चेपलेल्या कोपऱ्यानंतर त्याने आम्हा दोघांना बोलावलं. नाखवाकडे न पाहता तो माझ्याशी बोलला. तात्पर्य असं की मुहूर्ताला बोट सरळ लागली पाहिजे. नाखवाला जमलं तर नाखवा, नाही तर पुढे चाक तुझ्याकडे, कायम. कायम हा शब्द त्याने सहज वापरला. त्यांच्या घरात तो शब्द भरपूर पडलेला असावा.

परत येताना नाखवा बसथांब्याकडे पुढे चालत होता. मी मागून. मी आयुष्यभर ज्या एका शब्दाची वाट पाहिली तो शेवटी आला, आणि आला तो या म्हाताऱ्याच्या जागेवर बसून. साचेखात्यात निदान ज्याच्या जागी जायचो तो समोर उभा नसे.

बसथांब्यावर त्याने विचारलं, “तुना जमतं. कसं जमतं रं?”

मी म्हटलं, मी काही करतच नाही, म्हणून जमतं. तुम्ही करता.

“मी काय करतंय?”

मी माझा उजवा हात थोडा वळवून दाखवला. तो कितीतरी वेळ त्या हाताकडे पाहत राहिला. बस आली आणि गेली.

त्यानंतर आम्ही रोज भरतीची वेळ पाहून बोट बाहेर काढून एका बोयापाशी सराव करू लागलो. बोया म्हणजे पाण्यात नांगरलेलं तरंगतं पिंप. त्याच्याकडे पाठ करून सरळ मागे यायचं. मी बाजूला उभा राहून त्याच्या हातावर लक्ष ठेवायचं, हात हलला की खोकायचं. इतकं खोकलो की घरी गेल्यावरही खोकला थांबेना आणि चाळीत क्षयाची बोलवा झाली. पण खोकला ऐकून हात थांबेपर्यंत तो आधीच वळलेला असायचा. नाखवा मग स्वतःच्याच हाताला शिव्या द्यायचा, कोळीवाड्यातल्या, अस्सल.

तेव्हा मला चिंधी आठवली. साचेखात्यात एखादा साचा जुळवून ठेवला की त्यावर चिंधी बांधायची पद्धत होती. चिंधी दिसली की त्याला कोणी हात लावायचा नाही; त्या साच्यावरचा रोजचा माणूससुद्धा नाही. चालता साचा पाहिला की विणकऱ्याचा हात आपसूक पुढे जातो, आणि त्या हाताला तोंडी सांगून कळत नाही. मी घरून एक लाल चिंधी आणली. बोटीचा पाय अगदी सरळ असताना चाकाच्या बरोबर माथ्यावर येईल अशी बांधली. सांगितलं की मागे येताना मागे पाहा, पण दर वेळी गिअर टाकायच्या आधी चिंधी पाहा. चिंधी माथ्यावर असेल तर हात लावू नका.

नाखवा हसला. “साचा केलास बोटीचा.” पण त्याने केलं. चिंधी, गिअर, थोडा जोर, गिअर मोकळा. चिंधी, गिअर. वाऱ्याने नाळ ढकलली तरी घाबरायचं नाही. पिछाडी जिकडे जाते तिकडे सगळी बोट उशिरा का होईना येते. एके दिवशी तो त्या पिंपाकडे असा आला की मी हात लांब करून पिंपाला हात लावला. तो म्हणाला, “पुन्हा.” पुन्हा तसाच आला. मग आम्ही चहा प्यायलो. घरी बायकोने विचारलं की चाक कोणाला मिळणार. मी म्हटलं, ज्याचं आहे त्याला. ती भांडी घासत होती, जरा जोरात घासू लागली.

मुहूर्ताच्या दिवशी धक्क्यावर लाल जाजम होतं. जाजमाच्या खाली शेवाळ तसंच होतं, त्यामुळे पाहुणे फार जपून आणि त्यामुळे फार रुबाबात चालत होते. बोट जरा दूर नांगरलेली होती. एका होडीतून गुरुजी आणि शेठची बायको बोटीवर आली. पूजा तिथे व्हायची होती आणि मग आम्ही त्या दोघांसकट बोट धक्क्याला लावायची होती. गुरुजींनी इंजिनाला कुंकू लावलं, नाळेवर नारळ वाढवला. शेठच्या बायकोने आणलेला हार मोठा होता, झेंडू आणि लाल गुलाबांचा. तो नाळेवर राहीना, वारा होता. मग गुरुजी म्हणाले चाकाला घाला, चाक म्हणजे साक्षात गती. तिने हार चाकाला गोल गुंडाळला आणि दोऱ्याने घट्ट बांधला. चिंधी त्याच्या आत गेली. मी नाखवाकडे पाहिलं. त्याने हात जोडलेले होते. पूजेत बोलायचं कसं, असं त्यालाही वाटलं असणार.

इंजिन चालू करून आम्ही निघालो. पुढे जाताना तो छान चालवत होता. झोक्यांना हात न लावता, वाट पाहत. धक्क्यासमोर येऊन त्याने बोट फिरवली, पाठ धक्क्याकडे झाली. एका बाजूला खांब, दुसऱ्या बाजूला क्लबातल्याच कोणाची तरी पांढरी बोट, मध्ये आमच्यापुरती जागा. जाजमावर सगळे ओळीने उभे, पांढऱ्या बुटांचा माणूस शेठच्या शेजारी. मी मागच्या पायरीवर दोर घेऊन उभा होतो. नाखवाने मागे पाहिलं, मग सांगितल्याप्रमाणे खाली चाकाकडे पाहिलं. तिथे फुलं होती. सगळीकडून सारखी गोल फुलं.

त्याने गिअर मोकळा केला. मोकळी बोट वाऱ्याबरोबर त्या पांढऱ्या बोटीकडे सरकायला लागली. माझ्या लक्षात आलं की त्याचा उजवा हात चाकावर आहे आणि तो हात कुठे चालला आहे ते त्याला स्वतःला कळत नाही आहे. मी खोकलो. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू येणार?

मग त्याने हार धरला आणि ओढला. झेंडूचा दोरा सहजासहजी तुटत नाही. दुसऱ्यांदा ओढल्यावर तुटला. त्याने चाक फिरवून चिंधी माथ्यावर आणली. हातातला हार एक क्षण कपाळाला लावला आणि समुद्रात सोडला. आणि गिअर टाकला. चिंधी, गिअर, थोडा जोर, मोकळा. ती बोट तेव्हा इतकी सरळ मागे आली की दोर टाकायच्या आधी मी नुसतं पाऊल उचलून जाजमावर ठेवलं. कंपनीच्या माणसाने टाळी वाजवली. त्याच्याबद्दलचं माझं मत तेव्हापासून जरा बदललं.

बाकी कोणी टाळी वाजवली नाही. हार पाण्यावर पसरून धक्क्याच्या पायऱ्यांशी आला होता आणि सगळे त्याच्याकडे पाहत होते. शेठची बायको उतरली ती तडक क्लबात गेली.

संध्याकाळी शेठने मला एकट्याला बोलावलं. मी सांगून पाहिलं. कोळ्याच्या हातातलं देवाचं फूल दुसरीकडे जातच नाही, समुद्रातच जातं. खाली टाकलं असतं तर पायाखाली आलं असतं. त्याने कपाळाला लावलं ते तुम्हाला धक्क्यावरून दिसलं नसेल. चिंधीचंही सांगितलं. शेठने सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, फक्त पाहुण्यांच्या देखत जे झालं ते त्याला पाहुण्यांच्या नजरेनेच दिसत होतं. तो म्हणाला, बोट चांगली लावली, प्रश्न तो नाही. पूजेचा हार फेकला. घरात अस्वस्थता आहे. नाखवाचं वयही झालं. उद्यापासून चाक तुझ्याकडे.

नाखवाचा क्लबाच्या हिरवळीवर सत्कार झाला. शाल, नारळ, भाषण. भाषणात समुद्राला अथांग म्हटलं होतं आणि नाखवाला त्याचा पुत्र. पुत्राला चहा मात्र मागच्या दाराने दिला. जाताना तो मला म्हणाला, “बदली ना रं तू? बस मग. रिकामी जागा बघवत नाय.” मी बसलो. घरी सांगितलं तेव्हा बायकोने देवापुढे साखर ठेवली, आणि मग विचारलं की म्हाताऱ्याचं काय. मी म्हटलं, शाल मिळाली.

मला मागे येताना चिंधीची गरज नव्हती, पण मी ती सोडली नाही. एके दिवशी शेठच्या बायकोला ती दिसली. हे काय, म्हणून तिने विचारलं. चिंधीची खरी गोष्ट शेठला सांगून काय झालं होतं ते मला माहीत होतं. मी म्हटलं, नजर लागू नये म्हणून. ती एकदम गंभीर झाली. पुढच्या आठवड्यात जुन्या चिंधीच्या जागी जरीकाठाचा लाल रेशमी तुकडा आला आणि तो कोणी सोडायचा नाही अशी ताकीद आली. बोट विकली तेव्हाही तो सोडला नव्हता.

साचेखात्यात बदली माणूस कायम झाला की ज्याच्या जागी झाला त्याच्या घरी पेढे घेऊन जायचा. तो घरी असला तर. मी बरेच दिवस टाळलं, मग शीवला गेलो. नाखवाच्या खोलीत टीव्ही होता आणि त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून ती शाल पांघरलेली होती. सुनेने चहा आणला. त्याने पेढा घेतला, वारा कुठला होता विचारलं, शेजारची ती पांढरी बोट अजून तिथेच बांधतात का विचारलं. मग मी त्याला नजरेची आणि रेशमी तुकड्याची गोष्ट सांगितली. मला वाटलं तो हसेल.

तो बशीतला चहा पीत राहिला. बशी खाली ठेवून त्याने उजवा हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं, बसथांब्यावर माझ्या हाताकडे पाहिलं होतं तसं.

“हार बांधत होती तवा बोलाचं होतं हे,” तो म्हणाला. “नजरेची चिंधी हाय, झाकू नका. झाकली नसती तिने.”

झाकली नसती, हे खरं होतं. मी म्हटलं, तेव्हा सुचलं नाही.

“मना पण नाय,” तो म्हणाला, आणि सुनेला सांगून त्याने माझ्यासाठी पुन्हा चहा टाकायला लावला.